लाल टोपण, नारिंगी टोपण

औषधाच्या दुकानात इन्सुलिनची सिरिंज मागितली की जाणता दुकानदार उलट विचारतो, "चाळीसची देऊ की शंभरची?" गिऱ्हाईक बऱ्याचदा गोंधळतं. दोन्ही सिरिंज दिसायला सारख्याच: एक मिलिलिटरच्या, प्लॅस्टिकच्या, अंगालाच जोडलेल्या बारीक सुईच्या. पटकन दिसणारा फरक एकच. चाळीसचं टोपण लाल असतं आणि शंभरचं नारिंगी. संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली, चष्मा न लावता पाहिलं तर तोही फरक पुसट होतो.

भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमध्ये बसवायच्या कार्ट्रिजमध्ये मात्र तेवढ्याच द्रवात १०० युनिट असतात. बऱ्याच देशांनी चाळीसचा हिशेब कधीच मोडीत काढला. अमेरिकेत १९७३ मध्ये १००चं इन्सुलिन आलं, ब्रिटनने १९८३ मध्ये बदल केला. आपल्याकडे दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात आणि नवीन इन्सुलिनच्या काही बाटल्याही १००च्या येतात, त्यामुळे नुसतं 'बाटली म्हणजे चाळीस' एवढं पाठ करूनही भागत नाही. बाटलीवरचा आकडा वाचावाच लागतो.

चुकलं तर काय होतं, ते पाहू. डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिलेत. बाटली ४०ची, सिरिंज लाल टोपणाची, दट्ट्या २०च्या रेघेवर: अर्धा मिलिलिटर, बरोब्बर २० युनिट. आता तीच बाटली, पण सिरिंज नारिंगी टोपणाची. २०च्या रेघेला त्यात ०.२ मिलिलिटरच द्रव येतो, म्हणजे अंगात गेले फक्त ८ युनिट. साखर चढलेलीच राहते आणि घरात पथ्यावरून भांडणं होतात. खरा धोका उलट्या चुकीत आहे. १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत ओढलं तर अर्धा मिलिलिटर भरतो, आणि त्यात असतात ५० युनिट. अडीचपट डोस. रात्री जेवणाआधी घेतलेला असा डोस माणसाला झोपेतच बेशुद्ध करू शकतो.

रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आरे आणि वारे ही गावं लागतात. पर्यटकांना तिथले दोन जुळे किनारे, मधली टेकडी आणि सुरूचं बन माहीत असतं. गावातल्या घराचं अर्थकारण मात्र निम्मं मुंबईत असतं, औषधांसकट. चाकरमानी मुलगा गणपतीला येताना महागाची कार्ट्रिज घेऊन येतो आणि आईसाठी सरकारी रुग्णालयातून आणलेली बाटली आधीपासून असतेच. दोन्ही एकाच फ्रिजच्या दारात शेजारी शेजारी राहतात. पेन बिघडलं, सुया संपल्या, बाहेर पाऊस कोसळतोय आणि रत्नागिरी गाठायचा कंटाळा आलाय, अशा वेळी 'कार्ट्रिजमधलं औषध सिरिंजने ओढून घेऊ' हा विचार कुणालाही सुचतो. तो करायचा नाही. कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसायचीच नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांना माहीत असला तरी पुष्कळ अनर्थ टळतात. सोपा उपाय म्हणजे एका घरात एकच पद्धत ठेवायची: एक तर पेन, नाही तर बाटली आणि तिच्या जोडीची सिरिंज.

हे सगळं सुईने आणि तेही घरच्या घरी का घ्यावं लागतं? इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोळी करून गिळलं तर ते पोटात डाळीसारखं पचून जाईल. म्हणून ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं तेही टोचूनच. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा सुरू केलेल्या इंजेक्शनांनी मुलगा सावरला. इन्सुलिनच्या शोधासाठी बँटिंग आणि मॅक्लिऑड या शास्त्रज्ञांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. पण डॉक्टरांपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. हे औषध आजार बरा करत नव्हतं, रोजचं जगणं चालवत होतं. रोज, तेही दिवसातून दोन-तीनदा टोचायला डॉक्टर कुठून येणार? तेव्हा रुग्णाच्याच हातात सिरिंज देणं भाग पडलं. काचेची सिरिंज पाण्यात उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची, असा तो काळ होता. आपल्याकडे मूळचं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याचं तंत्र अमेरिकेत १९८२ मध्ये बाजारात आलं आणि भारतीय कंपनीने बनवलेलं असं इन्सुलिन मिळायला २००३ उजाडलं. ते आणलं मुंबईच्या वॉकहार्टने.

कोकणात इंजेक्शनवरचा विश्वास जुना आणि दांडगा आहे. ताप आला की डॉक्टरांनी 'सुई मारली' तरच पैसे वसूल झाले असं मानणारी पिढी अजून आहे. गंमत अशी की डॉक्टरांच्या हातून आनंदाने सुई घेणारा हाच माणूस स्वतःला टोचायचं म्हटलं की अंग चोरतो. 'आता इन्सुलिनवर टाकलंन' हे वाक्य गावात शेवटची घंटा वाजल्यासारखं बोललं जातं. प्रत्यक्षात ४ मिलिमीटरच्या सुईची टोच रक्त तपासायला बोटाला मारतात त्या टोचेपेक्षा कमी दुखते. बोटाच्या टोकाला मज्जातंतूंची दाटी असते, पोटाच्या कातडीला तेवढी नसते.

चार मिलिमीटर पुरे कसे? आपली कातडी सुई टोचायच्या जागी साधारण २ ते अडीच मिलिमीटर जाड असते, आणि माणूस लठ्ठ असो की काटकुळा, त्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो खालच्या मेदाच्या थरात. औषध पोचवायचं आहे ते या थरात. तिथे रक्तवाहिन्या कमी, म्हणून इन्सुलिन सावकाश झिरपतं. सुई आणखी खाली स्नायूत गेली तर तेच इन्सुलिन भराभर रक्तात शिरतं आणि साखर एकदम खाली येते. लांब सुई म्हणजे जास्त गुण, ही समजूत त्यामुळेच उलटी आहे.

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या एका प्रसिद्ध छायाचित्राची आठवण काढायला हवी. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेले दिसले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त असा हा भारतीय देह. मधुमेह आपल्याला कमी वजनातही का गाठतो, ते समजून घ्यायला या निरीक्षणाची मदत झाली. सुईपुरता त्याचा अर्थ साधा आहे: हातपाय काडीसारखे असलेल्या माणसाच्याही पोटावर चिमटीत येण्याइतका मेद बहुधा असतोच. बारीक दंडावर किंवा कष्टाने टणक झालेल्या मांडीवर टोचताना सुई स्नायूत जायची भीती जास्त. पोट ही सुरुवातीला सगळ्यात सोयीची जागा. बेंबीपासून दोन बोटं सोडायची, जुना व्रण किंवा टाके असतील ते टाळायचे. पोटावरून इन्सुलिन सर्वांत लवकर शोषलं जातं, मांडी आणि कुल्ल्यावरून सावकाश. म्हणून सकाळी पोट, रात्री मांडी असं ठरवलं तर ते रोज तसंच ठेवावं, मनाला येईल तसं बदलू नये.

प्रत्यक्ष कृती दोन मिनिटांची. हात साबणाने धुवून कोरडे करायचे. बाटली डोळ्यांसमोर धरून पाहायची. पाण्यासारखं नितळ इन्सुलिन गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं. दुधाळ इन्सुलिन मात्र मुळातच दुधाळ असतं आणि ठेवल्यावर त्याचा साका तळाला बसतो. ती बाटली दोन्ही तळव्यांमध्ये दहा वेळा हलकेच वळवायची, दहा वेळा खालीवर उलटी करायची. जोरजोरात हलवली तर फेस येतो आणि सिरिंजमध्ये औषधाऐवजी हवा भरते. जेवढे युनिट घ्यायचे तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी धरून औषध ओढायचं. बुडबुडा दिसला तर नळीवर बोटाने टिचकी मारायची. दोन प्रकार एकत्र घ्यायला सांगितले असतील तर नितळ आधी, दुधाळ नंतर. पेन असेल तर दर वेळी नवी सुई लावून दोन युनिट हवेत सोडून पाहायचे. टोकावर थेंब आला म्हणजे वाट मोकळी आहे.

मग सुई सरळ, काटकोनात. चार मिलिमीटरच्या सुईला बहुतेक प्रौढांत कातडी चिमटीत धरायची गरज नसते. मूल असेल, माणूस फार कृश असेल किंवा सिरिंजची सुई ६-८ मिलिमीटरची असेल तर अंगठा आणि दोन बोटांत कातडी हलकेच उचलायची. सगळी मूठ भरून धरली तर खालचा स्नायूही वर येतो. दट्ट्या सावकाश दाबायचा. पेन असेल तर दाबून झाल्यावर दहापर्यंत मोजायचं आणि मगच सुई काढायची, नाहीतर शेवटचा थेंब कातडीवर येतो. त्या थेंबातही औषध असतं. नंतर जागा चोळायची नाही. रक्ताचा ठिपका आला तर कापसाने दाबून ठेवलं की झालं.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचणाऱ्याच्या पोटावर हात फिरवला की बेंबीच्या उजव्या अंगाला एखादं मऊ टेंगूळ हाताला लागतं. बहुतेक उजव्या हाताची माणसं जिथे हात सहज पोचतो तिथेच टोचत राहतात. इन्सुलिनचा एक गुण असा की ते मेदपेशींना वाढवतं, त्यामुळे त्याच जागी चरबीची गाठ धरते. या गाठीवर टोचलं तर दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. पण गाठीतून औषध कधी झिरपतं, कधी अडकतं. साखर कधी ३००, कधी ७०. डॉक्टर डोस वाढवतात, तरी ताळमेळ बसत नाही. स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ४३० जणांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात जवळजवळ दोन-तृतीयांश जणांना अशा गाठी होत्या. आपल्याकडे दवाखान्यात साखरेचा कागद बघितला जातो, शर्ट वर करून पोट क्वचितच बघितलं जातं. गाठ सापडली की ती जागा काही महिने सोडून द्यायची आणि दर वेळी आधीच्या टोचेपासून बोटभर अंतर ठेवत पुढे सरकायचं. पण एक सावधगिरी हवी: गाठीत जिरणारा डोस चांगल्या कातडीखाली पूर्ण लागू पडतो, म्हणून जागा बदलताना डॉक्टरांना सांगून डोस आधी कमी करून घ्यावा लागतो.

तीच सुई पुन:पुन्हा वापरण्याचा गाठींशी जवळचा संबंध आहे. सुई काही रुपयांची आणि महिन्याचा औषधखर्च आधीच जड, त्यामुळे एक सुई आठवडाभर चालवणारी घरं सर्रास आहेत. त्यांना उपदेश करणं सोपं आहे. एवढं तरी पाळावं की दोन माणसांनी एक सुई किंवा एक पेन कधीच वापरू नये, अगदी नवरा-बायकोनेही. सुई बदलली तरी कार्ट्रिजमध्ये मागे रक्ताचा अंश शिरलेला असू शकतो.

साठवण हा कोकणातला खास प्रश्न. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, उघडलेलं बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांपर्यंत चार आठवडे टिकतं. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड-दापोलीत विजेचे खांब आडवे झाले, अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' हे जहाज येऊन रुतलं, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. बंद पडलेल्या फ्रिजमधल्या बाटल्यांचे फोटो कोण काढणार? पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं.

वीज गेली की माठ आठवतो. विदर्भात तो खरोखर कामाचा आहे, पण आरे-वाऱ्यात त्याच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. माठ गार होतो तो बाष्पीभवनाने, आणि हवेत आधीच ओल असेल तर बाष्पीभवन मंदावतं. नागपुरात मेमध्ये ४४ अंश तापमान आणि हवा कोरडीठाक असताना ओलं मडकं कागदावर २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. किनाऱ्यावर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर साडेसत्तावीसच्या खाली जाणं शक्यच नाही, प्रत्यक्षात तेवढंही होत नाही. तरीही पत्र्याखालच्या फडताळापेक्षा माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं मडकं बरं. दिलासा देणारी गोष्ट अशी की 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतलं, २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होणारं तापमान प्रयोगशाळेत उभं करून इन्सुलिन तपासलं. चार आठवड्यांनीही त्याची ताकद टिकून होती. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा दोन दिवस वीज गेली म्हणून घाबरून बाटली फेकायची किंवा डोस बंद करायचा नाही.

गारठा उलट जास्त घातक. बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली बाटली गोठली तर ते औषध संपलं. वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखंच असलं तरी वापरायचं नाही. मुंबईहून गाडीने येताना बर्फाच्या पिशवीला थेट टेकवून ठेवलेल्या बाटलीचंही हेच होतं, मध्ये टॉवेल हवा. आणि आरे-वाऱ्याच्या वळणावर गाडी लावून पाण्यात उतरणाऱ्यांनी औषधाची पिशवी बंद गाडीत ठेवू नये. उन्हात काचा लावलेल्या गाडीत तापमान पन्नाशीच्या घरात सहज जातं.

इन्सुलिन टोचलं की जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. गणपतीत आरत्या लांबतात, नैवेद्य दाखवल्याशिवाय पान वाढायचं नाही, आणि आजीने मात्र साडेबाराचा डोस घड्याळ बघून घेतलेला असतो. ताट समोर दिसल्यावर टोचावं हे बरं. संकष्टीचा उपास धरायचाच असेल तर डॉक्टरांकडून डोस आधीच बदलून घ्यावा. घाम फुटला, हात थरथरले, माणूस विनाकारण चिडचिड करू लागला तर साखर तपासावी. ७० च्या खाली असेल किंवा तपासायची सोय नसेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. घरात कोकम सरबत असेल तर तेही चालतं, पण बाटली नीट वाचून. आगळ दिलं तर उपयोग शून्य, कारण त्यात मीठ असतं, साखर नसते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

कातडीखाली टोचायची औषधं आता इन्सुलिनपुरती राहिलेली नाहीत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठू नये म्हणून एनॉक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंज देऊन रुग्णाला घरी पाठवतात. पूर्ण सिरिंज टोचायची असेल तर तिच्यातला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, कातडी शेवटपर्यंत चिमटीत धरायची असते आणि चोळायचं तर अजिबात नसतं, नाहीतर पोटभर काळेनिळे डाग उठतात. वजन उतरवणारी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं, म्हणजे टिर्झेपटाइड आणि वेगोव्ही, २०२५ मध्ये भारतात आली. ती व्यायामशाळेतल्या मित्राच्या सल्ल्याने घ्यायची वस्तू नव्हे, एवढं इथे पुरे.

राहिली वापरलेली सुई. गावात ती बहुतेक वेळा परसात, आंब्याच्या पातेऱ्यात जाते. मग कलमांखाली साफसफाई करणाऱ्या बाईच्या टाचेत शिरते, किंवा पावसाच्या पाण्याबरोबर वहाळातून खाडीत आणि पुढे पोरं अनवाणी धावतात त्या वाळूत. जाळून उपयोग नाही, प्लॅस्टिक वितळतं आणि उघडी सुई मागे राहते. टोपण पुन्हा लावायच्या धडपडीतच बोटाला टोचण्याचे प्रकार होतात. त्यापेक्षा फिनेल किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली फडताळात ठेवावी आणि टोचून झाल्या झाल्या सिरिंज सुईच्या बाजूने आत टाकावी. पेनच्या सुईला तिची मोठी टोपी लावून, पिळून काढून तीही त्यातच. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंज 'घरगुती घातक कचरा' या वर्गात टाकल्या, म्हणजे त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत 'सुया' लिहावं. घंटागाडी येत असेल तर ती सांगून वेगळी हातात द्यावी. गाडी येत नसेल तर आशाताईंना विचारावं, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती घेतात का, आणि घेत नसतील तर ग्रामसभेत तसा विषय मांडावा.